वेगळ्या वाटीचा हिशेब

‘आज भाजी काय आहे?’

शाळेतून आल्यावर दप्तर सोफ्यावर टाकायच्या आधी मी हा प्रश्न विचारायचो. पुढे दप्तराची सॅक झाली, प्रश्न तोच राहिला. उत्तर ‘बटाटा’ असेल तर मी सरळ हात धुवायला जायचो. दुधी, घेवडा, वांगं, गवार, मेथी, शेपू यांपैकी काहीही असेल तर माझा चेहरा असा काही व्हायचा, की मी बोलायच्या आधीच आई म्हणायची, ‘‘तुझ्यासाठी वेगळं केलंय.’’

त्या ‘वेगळं’मध्ये बहुतेक वेळा बटाट्याच्या काचऱ्या असायच्या. कधी मटकीची उसळ, कधी अंड्याची पोळी. काहीच जमलं नाही तर शेंगदाण्याची चटणी आणि दही. स्टीलची छोटी वाटी, वर झाकण. कॉलेजसाठी पुण्याला येईपर्यंत ती वाटी रोज माझ्या ताटाशेजारी आली. ती येते कुठून, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. आज त्याच वाटीबद्दल लिहायचंय.

आपल्याकडे भाजी न खाणारा मुलगा हा तक्रारीचा कमी आणि कौतुकाचा विषय जास्त असतो. पाहुणे आले की आई सांगायची, ‘‘ह्याला भाजी अजिबात चालत नाही हो.’’ सूर असा, की जणू मी गणितात पहिला आलोय. आज्जी वर पुष्टी जोडायची, ‘‘ह्याचे आजोबा असेच होते.’’ म्हणजे माझा नखरा हा नखरा राहिलाच नाही, तो वारसा झाला! लग्नाच्या पंगतीत मी जिलेबी आणि मसालेभातावर भागवायचो, तेव्हा शेजारच्या काकू माझ्या पानातली भाजी स्वतःच्या पानात घेऊन म्हणायच्या, ‘‘राहू दे, पोरगं आहे.’’

मग पुण्यात मेस लागली आणि कौतुक संपलं. मेसच्या काकांना माझ्या आजोबांशी काही देणंघेणं नव्हतं. डब्यात जे येईल ते. मी भाजीचा कप्पा तसाच परत पाठवायचो आणि रात्री वडापाव, मिसळ, मॅगी, नाहीतर मोबाइलवरून मागवलेलं काहीतरी. इंटर्नशिपच्या मानधनातला मोठा वाटा असाच पोटात गेला. वर्षभरानं पोटाचा त्रास सुरू झाला म्हणून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, ‘‘भाज्या कोणत्या खाता?’’ मी प्रामाणिकपणे म्हणालो, ‘‘बटाटा.’’ ते हसले आणि लिहीत राहिले. नंतर वाचलं, जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं आणि भाज्या खायला सांगते, आणि त्यात बटाटा धरतच नाही. म्हणजे त्या हिशेबात माझी भाजी शून्य होती.

तरी मी बदललो नाही. डॉक्टरांमुळे कुणी बदलतं का? बदल झाला तो आईचं मनगट मोडलं तेव्हा.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला कराडला आमच्या अंगणात शेवाळावरून आई घसरली. उजवा हात, सहा आठवडे प्लास्टर. ताई नागपूरला नोकरी करते, तिला चार दिवसांच्या वर रजा मिळेना. पप्पांना चहा येतो, तोही पाकासारखा. माझी सेमिस्टरची सुट्टी होती, म्हणून मी गेलो. घरात शिरल्याशिरल्या सवयीनं तोंडातून निघालं, ‘‘आज भाजी काय आहे?’’

आई खुर्चीत बसली होती, हात गळ्यात अडकवलेला. म्हणाली, ‘‘तूच सांग.’’

दोन दिवस खानावळीचा डबा आणला. तिसऱ्या दिवशी आईनं अर्ध्यातच ताट सरकवलं, तेव्हा पहिल्यांदा तिला विचारलं, ‘‘तुला काय खावंसं वाटतंय?’’

तिला पटकन उत्तरच देता आलं नाही. हा प्रश्न तिला कुणी विचारतच नसणार. मग म्हणाली, ‘‘दोडका मिळाला तर बघ. लई दिवस झाले.’’

लई दिवस म्हणजे किती? मी बालवाडीत असताना एकदा दोडका खाऊन ताटातच उलटी केली होती. तेव्हापासून घरात दोडका आला नव्हता. पप्पा म्हणाले, ‘‘तिच्या माहेरी परसात वेल होता दोडक्याचा.’’ मला आईचा ब्लडग्रुप माहीत होता, तिच्या फोनचा पॅटर्न माहीत होता, तिच्या आवडत्या सिरियलची वेळ माहीत होती. तिला दोडका आवडतो, हे मात्र मला बाविसाव्या वर्षी कळलं. मला नको म्हणून तिनं सतरा-अठरा वर्षं आपली आवडती भाजी खाल्ली नव्हती, आणि तिनं हे कधी बोलूनही दाखवलं नव्हतं.

मी मंडईत गेलो आणि सगळ्यात मोठे दोन दोडके उचलले. भाजीवाल्या मावशींनी ते माझ्या हातातून काढून घेतले. ‘‘ह्ये जून हायत. आत बी धरलंय. कवळं घे, नख रुतलं पाहिजे.’’ पैसे देताना त्यांनी आणखी एक सांगितलं, ‘‘शिरा टाकू नको. चटणी कर.’’

आई खुर्चीवरून सूचना देत होती. शिरा सोलून बाजूला ठेव. फोडी कर. तेल तापलं की मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, हळद, कांदा-लसूण मसाला. ‘‘पाणी घालू नको, दोडक्याला स्वतःचं पाणी सुटतं,’’ हे तिनं सांगितलं तेव्हा मी पेलाभर पाणी ओतून मोकळा झालो होतो. भाजीचं सार झालं. मग आई म्हणाली, ‘‘मीठ बघ.’’

मी चमचा घेऊन उभा. ‘‘तूच बघ ना.’’

‘‘केलंस तू, बघायचं तू.’’

माझ्या मते सगळी गोष्ट इथे आहे. खाणाऱ्याला ‘नको’ म्हणता येतं. करणाऱ्याला चाखावंच लागतं. मी चमचाभर दोडका तोंडात घातला. ग्रेट वगैरे काही वाटलं नाही. पण उलटीही झाली नाही. थोडा गोडसर, थोडा तिखट, बाकी पाणी. आईनं डाव्या हातानं चमच्यानं खाल्ला, दोनदा वाढून घेतला. आणि शिरांची चटणी? शिरा थोड्या तेलात कुरकुरीत होईपर्यंत परतल्या, त्यात तीळ, सुकं खोबरं, लसूण, लाल तिखट, मीठ. ती मी ओट्याशी उभ्याउभ्याच अर्धी संपवली. ज्या भाजीला मी आयुष्यभर नावं ठेवली, तिचं टाकाऊ समजलं जाणारं साल मला सगळ्यात आधी आवडलं.

पुढचे पंचवीस दिवस मी रोज एक भाजी केली. काही जळल्या, काही कच्च्या राहिल्या. आईचा ‘अंदाजानं घाल’ हा शब्द मला कळेना, तेव्हा तिनं कपाटातून कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ काढायला लावलं. १९७० साली आलेलं हे पुस्तक तिला लग्नात मिळालं होतं, पानांवर हळदीचे डाग. त्यात मापं वाटी-चमच्याची आहेत, त्यामुळे वजनकाट्याचीही गरज नाही. नवशिक्याला अंदाज नको असतो, आकडा हवा असतो.

करता करता लक्षात आलं, की मला भाजी आवडत नव्हती असं नाही. भाजीचं जे काही होऊन ताटात येतं, ते आवडत नव्हतं. भेंडी मला चिकट म्हणून नको होती. पण भेंडी धुऊन अगदी कोरडी केली, मग चिरली, पसरट कढईत झाकण न ठेवता परतली, एखादं आमसूल टाकलं आणि मीठ शेवटी घातलं, तर तार सुटतच नाही. कोबीला वास येतो म्हणून मी पळायचो. कोबीत गंधकाचे घटक असतात आणि तो जितका जास्त शिजवावा तितका तो वास वाढतो. मोठ्या आचेवर पाच-सात मिनिटं परतलेला कोबी वेगळाच लागतो. शेपूचा उग्र वास मुगाची डाळ आणि भरपूर लसणाच्या फोडणीत मवाळ होतो. वांग्याच्या फोडी मिठाच्या पाण्यात ठेवल्या की काळ्या पडत नाहीत. मीठ कडवटपणा दाबतं, म्हणून कारल्याला मीठ चोळून पिळून घ्यायचं. हे सगळं आईला आणि आज्जीला माहीत होतंच. मला माहीत नव्हतं, कारण मी स्वयंपाकघरात फक्त पाण्याची बाटली भरायला जायचो.

थोडी बाजू आमच्यासारख्यांचीही मांडतो. ‘नखरे आहेत सगळे’ हे पूर्ण खरं नाही. १९३१ मध्ये आर्थर फॉक्स नावाच्या अमेरिकन रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत एक पावडर उडाली. सहकाऱ्याला ती कडूजहर लागली, फॉक्सला कसलीच चव लागली नाही. पुढे या फरकामागचं जनुकही सापडलं. कोबी, फ्लॉवर, मोहरीचा पाला यांतला कडवटपणा काही जणांना खरंच जास्त जाणवतो. लहान मुलांना साधारण दोन ते सहा या वयात नवी चव नकोशी वाटते, हेही नैसर्गिक आहे. काही मुलांना विशिष्ट स्पर्श किंवा वास सहनच होत नाही, खाणं इतकं मर्यादित होतं की वजन आणि तब्येत बिघडते. २०१३ पासून वैद्यकशास्त्रात त्याला वेगळं निदान आहे. अशा मुलांना दमदाटी नको, डॉक्टर हवा. आणि कधीकधी जीभ बरोबरही असते! दुधी कच्चा चाखून कडू लागला तर तो टाकूनच द्यावा, कडू दुधीनं विषबाधा होते.

पण मी काही त्या गटात नव्हतो. माझी अडचण एवढीच होती, की मला दुसरी संधी घ्यायची गरजच पडली नाही. एकच भाजी आठ-दहा वेळा थोडीथोडी चाखायला मिळाली की मुलं ती स्वीकारू लागतात, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. माझ्या बाबतीत दोडक्याला पहिल्याच चेंडूवर आउट दिलं गेलं. माझ्यासमोर कायम वेगळी वाटी होती. त्या वाटीनं मला भाजीपासून वाचवलं नाही, भाजीपासून तोडलं.

आणि ती वाटी फुकट येत नव्हती. समजा, त्या वेगळ्या भाजीला रोज वीस मिनिटं लागत असतील. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर शंभर तास. पंधरा वर्षांचे दीड हजार तास. आठ तासांचा दिवस धरला तर जवळपास १८७ दिवस, म्हणजे साप्ताहिक सुट्ट्या सोडून सात महिन्यांची पूर्ण वेळ नोकरी. माझी इंटर्नशिप सहा महिन्यांची आहे आणि शेवटी मला सर्टिफिकेट मिळणार आहे. आईच्या सात महिन्यांची तर घरात कुणी नोंदसुद्धा केली नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटांचा वेळ बिनपगारी घरकामात जात होता, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटांचा. बातमी म्हणून हे आकडे मी वर्गात वाचले होते. त्या २९९मधली वीस मिनिटं माझ्या बटाट्याची होती, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

भाजी करायला लागल्यावर मी उत्साहानं ताईला फोटो पाठवायचो. एक दिवस तिचा फोन आला. म्हणाली, ‘‘मस्त. पण एक सांगू? मलापण दुधी आवडायचा नाही.’’

मी म्हटलं, ‘‘मग तू कधी बोलली नाहीस?’’

‘‘बोलले होते. आज्जी म्हणाली, सासरी कोण वेगळं करून देणार? मग खायला लागले.’’ थोडं थांबून ती म्हणाली, ‘‘आणि तुझ्या काचऱ्या? सुट्टीच्या दिवशी त्या मीच करायचे.’’

एकच घर, एकच दुधी, दोघांनाही नावडता. मला वाटी मिळाली आणि तिला सल्ला मिळाला. वर माझी वाटी तिनंच भरली. यावर मला त्या दिवशी काही बोलता आलं नाही. आजही लिहिताना अवघड वाटतंय, पण न लिहिणं जास्त चुकीचं वाटतं. आपण ज्याला ‘आवड-निवड’ म्हणतो, ती निवड घरात सगळ्यांना सारखी मिळत नाही. मुलग्याच्या नावडीला पर्याय मिळतो, मुलीच्या नावडीला ‘वळण’. आणि आईच्या आवडीचा तर प्रश्नच निघत नाही.

माझ्या बॅचमधला एक मित्र दुष्काळी भागातून आलाय. त्याच्या घरी ताजी भाजी आठवडी बाजाराच्या दिवशी आणि पुढचे एक-दोन दिवस. बाकी पिठलं, उसळ, ठेचा. मेसमध्ये मी परत पाठवलेला भाजीचा कप्पा तो खायचा. मी त्याची चेष्टा करायचो, ‘‘तुला काहीपण चालतं यार.’’ तो म्हणायचा, ‘‘हो, चालतं.’’ आता कळतं, त्या उत्तरात किती समजूतदारपणा होता आणि माझ्या चेष्टेत किती माज.

सध्या रील्सवर एक नवा प्रकार दिसतो. मुलांना कळू न देता भाजी कशी खाऊ घालायची. पालक पराठ्यात लपवा, बीट डोशात लपवा, भोपळा पास्त्याच्या सॉसमध्ये लपवा. चार वर्षांच्या मुलासाठी ठीक आहे. पण वीस-बावीस वर्षांच्या घोड्यांसाठीही आया हेच करतायत, हे मी मित्रांच्या घरी पाहिलंय. लपवालपवी करून पोटात भाजी जाते, पण आवड तयार होत नाही. आणि ती लपवायचं कामही पुन्हा तिच्याच डोक्यावर. भाजी लपवण्यापेक्षा मुलाच्या हातात विळी नाहीतर सुरी द्या. दहाव्या वर्षी मटार सोलायला, बाराव्या वर्षी मेथी निवडायला, पंधराव्या वर्षी फोडणी द्यायला. मुलगा असो की मुलगी. स्वतः निवडलेली मेथीची जुडी टाकून द्यायला जिवावर येतं, हे मी अनुभवानं सांगतो. अर्धा तास गेलेला असतो तिच्यात!

पुण्याला परतल्यावर आम्ही तिघा रूममेट्सनी मेस बंद केली. एक इंडक्शन, एक कढई, एक कुकर. सोलापूरचा रूममेट शेंगांची चटणी आणतो, तिसरा भात लावतो. रविवारी सकाळी महात्मा फुले मंडईतून आठवड्याची भाजी येते. भांडणं होतात, कारण प्रत्येकाची नावड वेगळी. म्हणून आम्ही एक नियम केलाय. भाजी आवडत नाही म्हणायचा हक्क सगळ्यांना आहे, पण जो ‘नको’ म्हणेल, त्यानं त्या दिवशी उठून दुसरं करायचं, सगळ्यांसाठी. नियम लागू झाल्यापासून ‘नको’ म्हणणारे बरेच कमी झालेत. मला वाटतं, हा नियम प्रत्येक घरात लावायला हरकत नाही.

मी काही आता भाज्यांचा भक्त झालेलो नाही. पडवळ मला अजून जमत नाही. कारलं मी करतो चांगलं, खातो नाइलाजानं. सगळं आवडलंच पाहिजे, असं माझं म्हणणंही नाही. नावड असू शकते, ती कुणाच्या तरी वीस मिनिटांवर पोसलेली नसावी, एवढंच. आणि हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या ताटाशेजारी अशी वाटी येते, त्यांनी आज एकदा आईला विचारा, तिला कोणती भाजी आवडते. ती ‘मला सगळंच चालतं’ म्हणाली तर ते उत्तर धरू नका. पुन्हा विचारा.

गेल्या महिन्यात घरी गेलो होतो. आईचा हात आता बरा आहे, फक्त कणीक मळताना थोडं दुखतं, म्हणून ती पप्पा मळतात. जेवायला बसलो. ताटात दोडका होता, शेंगदाण्याचं कूट घातलेला, अजिबात पाणी न घातलेला. आणि शेजारी झाकण घातलेली स्टीलची वाटी. झाकण काढलं तर आत काचऱ्या.

‘‘अगं, मी खातो आता दोडका.’’

‘‘माहितीये रे. हात आपोआप वळला.’’

सवय एकट्या माझीच नव्हती तर. मी ती वाटी उचलून तिच्या ताटाशेजारी ठेवली. तिनं चवीनं खाल्ल्या. म्हणाली, ‘‘काचऱ्या मलापण आवडतात, तुझ्यातून उरायच्या नाहीत कधी.’’